अनामत आठ हजार, वर चहा

जिंतूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आश्रुबा दराडे यांच्या दारावर एक पाटी आहे. लांबून वाचता यावी म्हणून पिवळ्यावर लाल अक्षरांत रंगवून घेतलेली. ‘गुप्तहेर आश्रुबा दराडे. एकतीस वर्षांचा अखंड अनुभव. नजरेतून काहीही सुटत नाही. कमालीची गुप्तता. दुपारी एक ते तीन विश्रांती.’ पाटीवर बल्ब लावलेला आहे आणि तो रात्रभर जळतो. इतक्या उजेडातला गुप्तहेर परभणी जिल्ह्यात दुसरा नसावा.

एकतीस वर्षांचा अनुभव मात्र खरा होता, फक्त तो एसटीत वाहक म्हणून मिळवलेला होता. आश्रुबांच्या मते त्यानं काही बिघडत नाही. पंचावन्न सीटच्या गाडीत पंच्याण्णव माणसं कोंबलेली असताना तिकीट न काढलेला नेमका हुडकून काढणं, आईच्या मांडीवर पाय दुमडून बसवलेलं पोर चार वर्षांचं की सात, हे त्याच्या गुडघ्यांवरून सांगणं, ही कामं गुप्तहेराशिवाय कोण करतो? काम पहिल्यापासून तेच होतं, हुद्द्याचं नाव तेवढं चुकलं होतं.

“बायना,” ते चहा पिताना बायकोला सांगत, “माझ्या मेंदूला ब्रेकच नाही.”

“ते दिसायलंय की,” बायनाबाई म्हणत.

बायनाबाई ही त्यांची सहायक. तिला या पदाची ऑर्डर कधी मिळाली नव्हती आणि पगाराचा तर प्रश्नच नव्हता. पण खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीत उभ्यानं लिहून लिहून आश्रुबांचं अक्षर असं झालं होतं, की ते वाचायचं तर वाचणाऱ्यालाही कुणीतरी गदागदा हलवायला हवं होतं. म्हणून प्रत्येक प्रकरणाचा अहवाल बायनाबाईनं वळणदार अक्षरात उतरवून काढायचा, असा नियम होता. तोवर तिला तपासातलं अक्षरही कळू द्यायचं नाही, असाही नियम होता. पाटीवर गुप्ततेचं वचन दिलेलं होतं ना.

आतापर्यंत सहा प्रकरणं झाली होती. त्यातली चार चपलांची, एक हरवलेल्या बोकडाचं आणि एक आश्रुबांच्या स्वतःच्या चष्म्याचं. बोकड तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आला. चष्म्याचा तपास अजून चालू होता.

सातवं प्रकरण रविवारी संध्याकाळी दारात येऊन उभं राहिलं. बँकेत काम करणारी अपेक्षा. चार घरं सोडून धुरपताबाईंच्या घरात, मागच्या खोलीत, ती दहा महिने भाड्यानं राहत होती. धुरपताबाई म्हणजे त्र्याहत्तर वर्षांची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावणारी बाई. नवरा चार वर्षं झोपून आहे, त्याचं सगळं करून ओसरीवरच्या खिडकीतून काडेपेटी, बिस्किटं, साबण विकते. अपेक्षाची बदली वालूरच्या शाखेत झाली होती. पंधरा दिवस ती पावणेसातच्या गाडीनं जाऊन सातला परत येत होती. वालूरला खोली ठरली होती, पण तिथला मालक बुधवारपर्यंत अनामत मागत होता, कारण त्याच खोलीवर आणखी दोघांचा डोळा होता.

“भाऊ शिकतोय, पगार गावी जातो,” अपेक्षा म्हणाली. “माझ्याकडे आठ हजारच आहेत काका, आणि ते या खोलीची अनामत म्हणून आजींकडे आहेत.”

“देत नाही म्हणतात?”

“तसं म्हणतच नाहीत. पैसे आहेत का विचारलं, की म्हणतात, हायेत की, लय हायेत. आणि चहा देतात.”

आश्रुबांनी डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच राहिले, तेव्हा बायनाबाईला वाटलं की विश्रांतीची वेळ पुढे सरकली की काय. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, “चहात साखर किती असते?”

“भरपूर.”

“असणारच,” ते म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. यापुढचा जबाब गुप्त असल्यामुळे बायनाबाईला आत जाऊन भांडी घासावी लागली. कधी मागितले, किती वेळा मागितले, हे सगळं पडद्याच्या अलीकडे झालं, आणि पितळी पातेल्याच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही.

सोमवारी सकाळी आश्रुबा घटनास्थळी गेले आणि तासाभरात पहिला निष्कर्ष घेऊन परत आले. धुरपताबाईंच्या दारात एक शेळी बांधलेली होती. तांबडी, तुकतुकीत, गळ्यात घुंगरू. अनामत गेली कुठे? अनामत चारा खात होती.

“आठ हजारांची शेळी,” ते म्हणाले. “पैशांची शेळी केली. पैसा बें बें करायला लागला, की तो ओळखू येत नाही. जुनी युक्ती आहे.”

“कुणाची जुनी?” बायनाबाईनं विचारलं, पण ते तोवर पुन्हा बाहेर पडले होते. शेळी नवी की जुनी हे ठरवण्यासाठी त्यांनी तिच्या पुढच्या पायांचे गुडघे वाकून तपासले. गुडघ्यांचा अनुभव दांडगा होता, पण तो माणसांच्या पोरांचा होता. शेळीनं शांतपणे गुडघे तपासू दिले आणि तेवढ्यात काखेतल्या वहीची दोन पानं खाल्ली. ओसरीवरून धुरपताबाईंनी सांगितलं, की ही शेळी याच घरात, याच दावणीला जन्मली, चार वर्षांमागं. पहिला निष्कर्ष अशा रीतीनं पुराव्यासकट शेळीच्या पोटात गेला.

दुसरा निष्कर्ष त्याच संध्याकाळी आला. आश्रुबा समोरच्या पानटपरीच्या आडोशाला दीड तास उभे होते आणि घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

“साथीदार आहे,” ते ताटावर बसता बसता म्हणाले. “म्हातारी रोज ठरलेल्या वेळी कुणाला तरी खूण करते. टपरीवाला म्हणाला, एक दिवस चुकत नाही.”

“कुणाला हो? त्र्याहत्तर वर्षांची हाय ती.”

“गुन्ह्याला वय नसतं.”

“आन् खूण कसली करती?”

“ते गुप्त आहे,” आश्रुबा म्हणाले आणि दुसरी भाकरी घेतली.

पण भाकरी संपायच्या आत त्यांना तिसरा निष्कर्ष सुचला, आणि तो त्यांना इतका आवडला, की साथीदार आपोआप निर्दोष सुटला. सुट्टे पैसे! एकतीस वर्षांच्या नोकरीत माणसामाणसांत जेवढी भांडणं त्यांनी पाहिली, तेवढ्या सगळ्यांच्या मुळाशी सुट्टे पैसे होते. बाई पैसे आहेत म्हणते आणि देत नाही, याचा अर्थ तिच्याकडे मोड नाही. लाजेनं बोलता येत नसणार. खुंटीवरची जुनी कातडी बॅग गळ्यात अडकवून, तीत नाणी आणि नोटा खुळखुळवत ते लगेच निघाले. बॅग गळ्यात पडताच पायही नकळत फाकले आणि गल्लीतून ते चालत्या गाडीतल्यासारखे तोल सावरत गेले.

धुरपताबाईंनी त्यांना बसवलं. सुट्टे हवेत का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “हायेत की. सुट्टे बी लय हायेत.” आणि चहा ठेवला. साखर भरपूर होती.

मंगळवारी दुपारी आश्रुबांनी पाऊल उचललं. सगळे निष्कर्ष कोसळले की गुप्तहेराकडे एकच शस्त्र उरतं, ते म्हणजे धाक. ओसरीवर दोन गिऱ्हाईकं उभी असताना ते खिडकीशी गेले आणि बिनतिकीट प्रवाशाला गाडीतून उतरवतानाच्या आवाजात म्हणाले, की सदरील अनामत आत्ताच्या आत्ता हजर करावी, नाहीतर आपण ती गिळंकृत केली आहे असं समजण्यात येईल.

यावर काय झालं ते त्यांनी बायनाबाईला पूर्ण सांगितलं नाही. एका पायात चप्पल घालून ते घरी आले, त्यावरून तिनं अंदाज बांधला. चपलेचं हे पाचवं प्रकरण होतं.

“म्हातारीने धमकी दिली,” पाणी पिऊन ते म्हणाले. “म्हणाली, माज्या घराचं वाटोळं करायला आलास का, आन् आजच आलास का. शब्द नीट ध्यानात ठेव. आजच. याचा अर्थ तिला तारखेची माहिती आधीपासून होती.”

बायनाबाईनं पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी लावला होता, पण गल्लीत आपलं नाव काय होणार, हे मनात येऊन तो तसाच राहिला. धुरपताबाई तिच्या बाळंतपणात रोज तव्यावर डिंक भाजून आणून देणारी बाई होती. तिच्या दारात जाऊन नवऱ्यानं तिला चोर म्हटलं होतं.

अपेक्षा सात वाजता बसमधून उतरून खोलीवर गेली आणि पाच मिनिटांत त्यांच्याकडे आली. ती रडत नव्हती, पण बोलताना सारखी पर्सची चेन उघडझाप करत होती.

“आजी बोलतच नाहीत माझ्याशी,” ती म्हणाली. “आज चहापण दिला नाही. मला ताप आला होता तेव्हा तीन रात्री उशाशी बसल्या होत्या हो, काकू. आता तोंड फिरवून बसल्यात. ते आठ हजार जाऊ देत, मी कुणाकडून तरी उसने घेईन. पण मी काय केलं, ते तरी मला कळू दे.”

आश्रुबा म्हणाले, की याचं उत्तर अहवालात असेल. मग त्यांनी वहीची उरलेली, कडेनं चावलेली पानं बायनाबाईच्या पुढ्यात टाकली, आपण तोंडी सांगतो, तू उतरव म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन पाठीमागे हात बांधून उभे राहिले. अहवाल नेहमी असाच, पाठमोरा सांगितला जात असे.

बायनाबाईनं स्वतःचा चष्मा लावला आणि लिहायला घेतलं.

‘गेला सोमवार. सायंकाळी सात. अपेक्षा मॅडमनी अनामत मागितली. उत्तर: हायेत की. चहा.

‘गेला मंगळवार. सकाळी साडेसहा, मॅडम गाडीला निघताना. दुकानाची खिडकी नुकती उघडली होती, गिऱ्हाईक एकही नाही. मागितली. उत्तर: तेच. चहा.

‘बुधवार, गुरुवार. सायंकाळी सात. तेच. चहा.

‘शुक्रवार. मॅडमनी सामान बांधायला अर्धा दिवस रजा काढली. दुपारी बारा. तेच. चहा.

‘रविवार. दुपारी एक. तेच. चहा.

‘सोमवार. सात वाजून पाच मिनिटं. संशयित हातात दिवा घेऊन दारात. दिवा तीन वेळा गोल फिरवला. अज्ञात इसमास नमस्कार. दिवा तुळशीपाशी ठेवला.’

बायनाबाईचा हात थांबला.

“अज्ञात इसम?” तिनं विचारलं.

“दिसला नाही. अंधारात असणार.”

तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मग उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. रविवारच्या चौकोनात काळा गोल होता. अमावस्या. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि तशीच उभी राहिली.

“अवो,” ती म्हणाली, “लक्ष्मी घराबाहेर कदी जाऊ द्यायची नसती?”

“कोण लक्ष्मी? हे नाव तपासात आलेलंच नाही.”

बायनाबाईनं त्यांच्याकडे बघितलं. तिला हसू आलं, आणि मग थोडं वाईटही वाटलं. एकतीस वर्षं दिवेलागणीला हा माणूस घरी नव्हता. त्या वेळी तो झरी गावाच्या पुढे कुठंतरी, दांड्याला धरून, अंधारात लोकांचे उरलेले पैसे परत करत असायचा. सकाळ असो, अमावस्या असो, मंगळवार असो, मागणाऱ्याला पैसे द्यायचे, एवढंच त्याला माहीत. घरात बायको दिवा लावते, त्या वेळी पेटीचं झाकण उघडत नाही, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

“दिवेलागणीला पैशे देत नसतेत,” ती म्हणाली. “सकाळी पयलं गिऱ्हाईक यायच्या आदी देत नसतेत. शुक्रवारी, मंगळवारी न्हाई. अमुशाला तर न्हाईच न्हाई. ह्या पोरीनं नेमकं हुडकून हुडकून त्याच टायमाला मागितले.”

“मग तसं सांगायचं ना त्यांनी,” अपेक्षा म्हणाली. “पैसे नाहीत, आज नाही, असं.”

“दिवा लावताना ‘न्हाई’ म्हणतेत का बाई घरात? वास्तू तथास्तु म्हणती. मनून तर ‘लय हायेत’ म्हणायली ती.”

अपेक्षा खाली बसली. पाचवीपासून ती वसतिगृहात वाढली होती. तिथे सात वाजता जेवणाची घंटा व्हायची, एवढीच तिची दिवेलागण. बँकेत तर ती रोज शेकडो लोकांच्या हातात नोटा ठेवायची, मंगळवारीसुद्धा आणि अमावस्येलासुद्धा, आणि देताना कधी कुणाचं घर बसलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

“मग आता जाऊ?” ती उठत म्हणाली.

“बस. सात वाजलेत आन् मंगळवार हाय,” बायनाबाई म्हणाली. “उद्या बुधवार. अकरा वाजता. अर्धा दिवस सुट्टी घे.”

आश्रुबा खिडकीशी पाठमोरेच होते.  तसेच उभे राहून म्हणाले, “मी याच दिशेने विचार करत होतो.”

बुधवारी अकराला बायनाबाई अपेक्षाला घेऊन ओसरीवर गेली. आश्रुबा त्यांच्या मागे, नव्या चपलांत, दहा पावलांचं अंतर ठेवून चालत होते. याला ते पाळत म्हणत होते, पण बायनाबाईला माहीत होतं की ते घाबरलेत. दुकानाची खिडकी उघडी होती. दोन बायका तेल घेऊन गेल्या होत्या, तरी खात्री असावी म्हणून बायनाबाईनं एक काडेपेटी विकत घेतली.

धुरपताबाई कुणाकडेही बघत नव्हत्या.

“मावशी,” बायनाबाई म्हणाली, “माजा माणूस काल लय वाकडं बोलला. त्याला कळत न्हाई. मी त्याची माफी मागायलेय. आन् आज बुधवार हाय. पोरीची अनामत देता का?”

म्हातारीनं मान वर केली. एकदा बायनाबाईकडे पाहिलं, एकदा मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग उठून आत गेली. दोन मिनिटांत बाहेर आली, तर हातात फडक्याची गाठ होती. गाठ सोडली, तशा पाचशेच्या सोळा नोटा निघाल्या. त्यांना गुंडाळलेली कागदी पट्टी अपेक्षानं दहा महिन्यांपूर्वी स्वतःच्या हातानं लावली होती. त्यावर तिची सहीसुद्धा तशीच होती. पट्टी एकदाही सुटली नव्हती.

“खर्चल्याच नाहीत तुम्ही?”

“ठेव हाय ती. परक्याच्या लेकीची,” धुरपताबाई म्हणाल्या. “तिला हात कामून लावायचा?”

अपेक्षानं नोटा तशाच पर्समध्ये ठेवायला घेतल्या. धुरपताबाईंनी तिचा हात धरला आणि मोजून घे म्हणाल्या. ती मोजू लागली. दिवसाला लाखांनी नोटा मोजणारी पोर सोळा नोटांत तीनदा चुकली.

“रोज दिवा लावायलं की तू मागायला उभी,” म्हातारी म्हणाली. “मला वाटलं, दहा म्हैने लेकीवानी ठेवली, आन् ही जाता जाता घरातली लक्ष्मी न्यायली. काय वाईट केलं म्या हिचं. झोप न्हाई लागली मला.”

“मला खरंच माहीत नव्हतं आजी. मला वाटलं, तुम्ही बुडवायलात.”

“मग तसं इचारायचं तोंडावर.”

“चहा देत होतात. कसं विचारू?”

 धुरपताबाईंनी आत जाऊन चहा ठेवला. आश्रुबांनाही कप मिळाला, मात्र त्यांच्या कपात साखर अजिबात नव्हती. त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

दुपारच्या गाडीची वेळ झाली. बायनाबाईनं एक बॅग घेतली, एक अपेक्षानं. धुरपताबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. अपेक्षा उंबऱ्याबाहेर गेली आणि वळून म्हणाली, “जाते आजी.”

“जाते म्हणू न्हाई,” म्हातारी म्हणाली. “येते म्हण.”

अपेक्षा थांबली. तिला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. वसतिगृहातून सुट्टीला निघताना रजिस्टरवर सही करायची असते, एवढंच तिला ठाऊक होतं.

“येते,” ती म्हणाली. बायनाबाईनं पदरानं डोळे पुसले. धुरपताबाईंनी पुसले नाहीत, त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

मागे उभ्या असलेल्या आश्रुबांनी खिशातून वही काढली आणि घाईघाईनं काहीतरी लिहिलं. बायनाबाईनं त्यांच्या खांद्यावरून वाकून ते वाचलं. लिहिलं होतं: ‘अपेक्षा मॅडम यांनी पुन्हा येणार असल्याचं सर्वांसमक्ष कबूल केलं. प्रकरण बंद करू नये.’

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. नवऱ्याचा निष्कर्ष बायनाबाईला पहिल्यांदाच पटला.